रिकाम्या घराचे फोटो

१

फिरोज तांबोळी काय करून पोट भरतो हे ऐकलं की शिरूरमधली शहाणी माणसं आधी हसायची. शिक्रापूरला त्याचा स्टुडिओ होता तोवर ठीक होतं. कंपन्यांत कामाला आलेली परराज्यातली पोरं पासपोर्ट साइज काढायला यायची, पांढऱ्या पडद्यापुढे श्वास रोखून बसायची. मग सगळ्यांच्याच खिशात कॅमेरे आले, स्टुडिओचं शटर खाली आलं आणि फिरोज घरी बसून इंटरनेटवर फोटो विकायला लागला. कसले? कसलेही. कांद्याच्या ढिगाचे, एसटीच्या खिडकीचे, चहाच्या ग्लासाचे. साइटवर फोटो चढवायचा, शोधणाऱ्याला सापडेल असे शब्द त्याला लावायचे आणि वाट बघायची. जगात कुठेतरी कुणाला तरी जाहिरातीत नाहीतर पाकिटावर छापायला तो फोटो लागतो. त्याने मोजलेल्या पैशांतला चतकोर तुकडा फिरोजकडे येतो. फोटो एकच, गिऱ्हाइकं कितीही.

"म्हंजी भाकरी एकदाच थापायची आन् गावानं खायची," सुमैया म्हणाली होती. या धंद्याचं इतकं नेमकं वर्णन खुद्द फिरोजलाही कधी जमलं नव्हतं.

सुमैया त्याची बायको, आणि बरीच वर्षं त्याचं भांडवलसुद्धा. कांद्यापेक्षा माणूस जास्त खपतो. त्यातही गिऱ्हाइकाला हवी असायची 'भारतीय शेतकरी स्त्री'. फिरोजने शेजारच्या विठाबाईंचं लुगडं मागून आणलं, सुमैयाच्या कपाळावर टिकली लावली, हातात हिरव्या बांगड्या भरल्या आणि तांबोळ्यांच्या सुनेला चुलीपुढे बसवून शेतकरीण करून टाकलं. पहिल्यांदा ती पोट धरून हसली. दहाव्यांदा तिला हसू येईना. हसू नको, असंही तोच म्हणायचा. उदास चेहऱ्याला मागणी जास्त असते.

फोटोत चेहरा ओळखू येत असला की त्या माणसाचं संमतीपत्र जोडावं लागतं. दर वेळी बायकोपुढे कागद कोण धरणार? एका दुपारी फिरोजने कोऱ्या संमतीपत्रांचा गठ्ठाच तिच्यापुढे ठेवला आणि सगळ्यांवर सह्या घेऊन मोकळा झाला.

"कशाकशाला हाय ही सही?" तिने विचारलं.

"सगळ्याला," तो म्हणाला आणि पुढचा कागद सरकवला.

मग एक दिवस सुमैया दौंडला माहेरी गेली. स्टेशनाबाहेर मोठा फ्लेक्स लागला होता, कुठल्याशा दवाखान्याचा. 'मूल होत नाही? निराश होऊ नका.' त्या अक्षरांखाली टिकली-बांगड्यांसकट मान खाली घालून बसलेली सुमैया. लग्नाला बरीच वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता, हे तोवर फक्त नात्यागोत्यात ठाऊक होतं. आता ते फलाटावर उतरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक झालं. तिच्या माहेरच्या गल्लीतल्या बायकांनी त्या फ्लेक्सखाली उभं राहून आपापल्या मोबाइलवर त्याचे फोटो काढले.

ती तशीच शिरूरला परत आली. रडली नाही, ओरडली नाही.

"मला एकदा इचारायचं तरी," एवढंच म्हणाली.

"सही तुझीच हाय की," फिरोज म्हणाला.

बोलल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं, पण शब्द मागे घ्यायचा त्याचा स्वभाव नव्हता. दुसऱ्या दिवशी सुमैयाने बॅग भरली आणि ती दौंडला निघून गेली.

२

मॉडेल माहेरी गेल्यावर फिरोजने घराचेच फोटो काढायला घेतले. परदेशातल्या लोकांना आपली साधी स्वयंपाकघरं फार आवडतात, म्हणजे फोटोत. दुपारी झरोक्यातून ओट्यावर उन्हाची तिरीप येते. ती वेळ साधून त्याने स्टँड लावला. ओटा, फळीवरचे डबे, खिळ्याला टांगलेली चाळणी. माणूस नाही, म्हणजे संमतीची भानगडच नाही. त्याने फोटो चढवला आणि स्वतःसाठी चहा टाकला.

चहा उकळायच्या आत उत्तर आलं. फोटो नाकारला होता. 'फोटोत ओळखू येईल अशी व्यक्ती आहे. तिचं संमतीपत्र जोडा.'

फिरोजने फोटो स्क्रीनभर मोठा केला. एकेक कोपरा ताणून पाहिला. डब्यांवर काही चमकतंय का, दाराच्या फटीत कोणी आहे का, सगळं पाहिलं. ओटा होता, चाळणी होती, ऊन होतं. त्याने तोच फोटो पुन्हा पाठवला आणि तेच उत्तर पुन्हा आलं.

यवतचा सत्यजीत त्याचा या धंद्यातला जोडीदार. घरची बागायत, सोसायटीत वडिलांचा शब्द चालतो, हा मात्र शेतावरून ड्रोन उडवत फोटो विकतो. फिरोजने त्याला फोन लावला.

"अरे लेका, ते मशीन बघतंय, माणूस न्हाई," सत्यजीत हसला. "डब्यात तुझंच तोंड दिसत असंल."

पटण्यासारखं होतं. फिरोजने सगळी भांडी बाहेर नेऊन ठेवली, चाळणीही उतरवली आणि नुसत्या ओट्याचा फोटो काढला. ओटा, भिंत आणि भिंतीतला खिळा. नाकारला. कारण तेच.

"मग जोड की एखादं संमतीपत्र," सत्यजीत म्हणाला. "मशीनला कागद पायजे. कागद दिला का गप बसतंय."

घरात सह्या केलेले कागद पडून होतेच. फिरोजने त्यातला वरचा घेतला, मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि रिकाम्या ओट्याला सुमैयाची संमती जोडली. आपण भलतंच काही करतोय असं त्याला तेव्हा वाटलं नाही. उलट मशीनला कसं बनवलं म्हणून तो स्वतःशीच खूश झाला.

या खेपेला फोटो लगेच मंजूर झाला.

३

आणि तो फोटो असा खपला की विचारू नका. सुमैयाच्या उदास चेहऱ्यालाही कधी आला नव्हता असा उठाव त्या रिकाम्या ओट्याला आला. लोक त्यात काय बघत होते देव जाणे. फिरोजने मग मागचंपुढचं पाहिलं नाही. न्हाणी, माजघर, पलंग, दांडीवरची चादर, जे दिसेल त्याचे फोटो काढले. प्रत्येक फोटो आधी परत यायचा आणि सुमैयाचा एकेक कागद लावला की मंजूर व्हायचा. पुढे पुढे तो कागद आधीच जोडायला लागला.

साइटला एक खोड होती. फोटो चढवला की ती आपणहून शब्द सुचवायची, म्हणजे आपले टाइप करायचे कष्ट वाचतात. ओट्याच्या फोटोला तिने सुचवलं: ओटा, भिंत, ऊन, बाई, पाठमोरी. फिरोजने शेवटचे दोन शब्द खोडले. न्हाणीच्या फोटोला: बादली, ओली फरशी, बाई, वाकलेली. पलंगाच्या फोटोला: चादर, उशी, बाई, कडेला बसलेली. त्याने खोडले. पण पलंगाचे शब्द खोडताना त्याने कारण नसताना मागे वळून खोलीच्या दाराकडे पाहिलं.

दुपारी तो बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसायचा. आतल्या बाजूला आवाज व्हायचे. घर म्हटलं की आवाज होतातच. पत्रा तापला की कडकडतो, नळाला पाणी आलं की पाइप हुंकारतो, उंदीर तर पाचवीला पुजलेले. हे सगळं त्याला कळत होतं. पण पीठ चाळून झाल्यावर चाळणी हाताच्या तळव्यावर दोनदा आपटायची सुमैयाची सवय होती. ते दोन ठोके एका दुपारी त्याला स्पष्ट ऐकू आले. तो उठून आत गेला. चाळणी खिळ्याला होती, आणि ओट्यावर पिठाचा कणही नव्हता. फक्त खोलीत नुकतंच कुणीतरी उठून गेल्यासारखं गरम वाटत होतं. उन्हाळा आहे, असं म्हणून त्याने पंखा लावला.

संध्याकाळी विठाबाई कुंपणाशी उभ्या होत्या.

"सुमैया कवा आली रं? बरं झालं बाबा. बाईबिगर घराला घरपण न्हाई."

"न्हाई आली अजून, मावशी."

"काय सांगतो? सकाळधरनं भांडी घासतीया की. म्या हाक मारली, तर व्हय म्हनली."

विठाबाईंना कमी ऐकू येतं, हे फिरोजला माहीत होतं. त्याने ते स्वतःला नीट समजावून सांगितलं. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला नसलेलं ऐकू कसं येईल, हा प्रश्न मात्र त्याने स्वतःला विचारला नाही.

४

दौंडहून मदिनाखालाचा फोन आला. मदिना ही सुमैयाची आई आणि फिरोजची सख्खी मावशी. त्यामुळे जावयाला शिव्या द्यायचा तिला दुहेरी हक्क होता. या खेपेला तिने शिव्या दिल्या नाहीत, तेव्हाच फिरोज मनातून घाबरला.

"बोलत न्हाई रे पोरगी," खाला म्हणाली. "जेवाय वाढलं तर ताटाकडं बघत बसती. परवा दूधवाला आला. ही दारात उभी, पातेलं हातात. आन् तो मेला हिच्यावरून आत वाकून इचारतो, घरात कोणी हाय का? मी म्हनलं, डोळं फुटलं का तुझं? तर कावराबावरा झाला. त्याला दिसलीच न्हाई म्हनं."

"दवाखान्यात दाखवा की, खाला."

"दाखवलं. डॉक्टरनं माझीच नाडी बघितली. म्हनला, बसा, पेशंटला आत आणा. पेशंट माझ्या शेजारी बसल्याली."

येतो, असं फिरोज म्हणाला. पण फोन ठेवल्यावर समोर स्क्रीनवर उंबऱ्याचा नवा फोटो चढून तयार होता, साइटने शब्दही सुचवले होते, नुसतं बटण दाबायचं बाकी होतं. माणसाचा हात सवयीने जातो. त्याने बटण दाबलं. याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा. मला विचाराल तर तो त्या क्षणी घाबरलेला कमी आणि हावरा जास्त होता, आणि हे त्यालाही कळत होतं.

५

दुसऱ्या दिवशी घराला कुलूप लावून तो मोटारसायकलवर निघाला. न्हावऱ्यावरून चौफुला, तिथून पाटस, कुरकुंभ, दौंड. फ्लेक्स आता उतरवला होता. त्या जागी कोणाचा तरी वाढदिवस लागला होता.

सुमैया आतल्या खोलीत खिडकीशी पलंगावर बसली होती. ओढणी डोक्यावरून घेतलेली, हात मांडीवर. ती वाळली नव्हती, आजारी दिसत नव्हती. पण तिच्याकडे बघताना नजर सारखी घसरून मागच्या पडद्यावर जात होती. ती परत तिच्यावर आणायला फिरोजला जोर लावावा लागत होता.

"सुमैया, कशी हायेस?"

"बरी." आवाज शेजारच्या घरातून यावा तसा. "तुम्ही जेवला का? मी डाळ टाकून आले होते."

"कुठं?"

"घरी." तिने त्याच्याकडे पाहिलं. "मी घरीच असते की. तुम्ही सारखं फोटो काढता, मला मागं वळायलाबी सवड देत न्हाई."

मदिनाखाला दारात तोंडाला पदर लावून उभी होती. फिरोजला काय सुचलं कोण जाणे. शेवटी जात्याच फोटोवाला. ज्यावर विश्वास बसत नाही ते तो फोटो काढूनच तपासणार. त्याने मोबाइल काढला. सुमैयाने मान खाली घातली, पूर्वी घालायची तशीच. फोटोत ती होती. खिडकी, पडदा, पलंग आणि पलंगावर ती. त्याला हायसं वाटलं. तरी खात्री असावी म्हणून त्याने तो साइटवर चढवला. या वेळी कागद जोडला नाही. नाकारा, असं तो मनातल्या मनात म्हणत होता. आयुष्यात पहिल्यांदा फोटो नाकारला जावा म्हणून त्याने अल्लाची करुणा भाकली.

फोटो मंजूर झाला. शब्द सुचवले होते: पलंग, खिडकी, पडदा, रिकामी खोली, कोणी नाही.

६

त्याने तिथेच पलंगाच्या कडेला बसून साइटवरचा एकेक फोटो काढून टाकला. ओटा, न्हाणी, उंबरा, सगळे. पण विकलेले फोटो परत घेता येत नाहीत. ते कुणाकुणाच्या जाहिरातीत, कुठल्या देशातल्या भिंतीवर गेले होते ते विकणाऱ्याला कळत नाही. हा नियम त्याला पहिल्या दिवसापासून पाठ होता, आणि सुमैयालाही त्यानेच मोठ्या अभिमानाने समजावून सांगितला होता.

"मी घेऊन जातो तिला," तो म्हणाला. त्याचा हिशोब साधा होता. जे घरी राहिलंय आणि जे इथे बसलंय, ते एका छपराखाली आलं की सगळं ठीक होईल.

"नीट ने," खाला म्हणाली. तिने लेकीच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. ती मोडली तरी आवाज आला नाही.

सुमैया मोटारसायकलवर मागे बसली. पाटसच्या अलीकडे गतिरोधक आले. मागे माणूस असला की गाडी कशी बसते ते फिरोजच्या अंगवळणी पडलेलं होतं. गाडी बसली नाही, एकट्याची उडते तशी उडाली. त्याने घाबरून मागे हात नेला. हाताला ओढणीचं टोक लागलं, गार. "हाय मी," ती म्हणाली. मग शिरूर येईपर्यंत तो दर मैलाला तिचं नाव घेत राहिला आणि ती दर वेळी "हाय" म्हणत राहिली, दर वेळी जरा हळू.

७

ऊन चांगलंच वर होतं. फिरोजने कुलूप काढलं आणि दार ढकललं. दार उघडेना. आतून कडी होती.

तो दाराकडे बघतच राहिला. आत भांडं वाजलं. विळी ओढल्याचा आवाज झाला, मग बांगड्यांचा.

"थांबा," पायरीखालून सुमैया म्हणाली. "आत बाई हाय."

"आपलंच घर हाय, सुमैया. चल."

"असं कसं? घरात बाई असल्यावर तिला इचारावं लागतं." ती रागावली नव्हती, शांतपणे समजावत होती. "निकाहाच्या दिवशी मला तीनदा इचारलं होतं. मोठ्यांदा, सगळ्यांसमोर. मी न्हाई म्हनले असते तर तुम्ही वरात घेऊन माघारी गेला असता. त्यानंतर मला कोणी काही इचारलं न्हाई. तुम्ही तिला तीनदा इचारा."

फिरोजच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने दाराला कपाळ टेकलं.

"सुमैया, आम्ही आत येऊ का?"

आतले आवाज थांबले.

"सुमैया, येऊ का आत?"

पावलं दारापाशी आली. फळ्यांच्या फटीत उजेड होता तिथे अंधार झाला. आतून कुणीतरी त्याच्या इतक्या जवळ उभं होतं की श्वास ऐकू येत होता. आणि फटीतून एक डोळा क्षणभर दिसला. तो त्याच्याकडे बघत नव्हता. त्याच्या खांद्यावरून मागे, पायरीखाली उभ्या असलेल्या बाईकडे बघत होता, कीव आल्यासारखा.

"येऊ का?" त्याने तिसऱ्यांदा विचारलं.

"न्हाई," आतून उत्तर आलं. सुमैयाचाच आवाज, लग्नाच्या पहिल्या वर्षात होता तसा भरलेला, ठसठशीत. फटीत पुन्हा उजेड आला.

विठाबाई सूप घेऊन अंगणात आल्या होत्या. "एकटाच काय उभा रं उन्हात?" त्या म्हणाल्या. "रुसलीया व्हय? बस जरा पायरीवर. उघडंल." आणि सुमैयाच्या अंगावरून, तिला वळसाही न घालता, त्या आपल्या दाराकडे निघून गेल्या. सुमैया एका बाजूला झाली, वडीलधाऱ्या माणसाला वाट द्यावी तशी. मग ती पायरीच्या एका टोकाला बसली आणि त्याच्यासाठी जागा सोडली.

फिरोज बसला. शेजारी हात ठेवला तर दगड उन्हाने तापलेला होता, तिची सावली पडली नव्हती. तो तिच्याकडे बघायला घाबरत होता. बघितलं आणि नजर घसरली तर?

आत कुणीतरी जेवायला बसत होतं. फरशीवर ताट ठेवल्याचा आवाज आला. एकच ताट.